गुंडप्पाचा खुराक

खटकचिंचोळीच्या बसस्टँडसमोर सरकी-पेंडीचं एक दुकान आहे. पाटीवर नाव सोमशेखर यांचं, आणि सोमशेखरअप्पा रोज सकाळी फडक्यानं ती पाटी पुसतात. पण दुकान आहे त्यांच्या बायकोचं, उमादेवीचं. हे गावाला ठाऊक आहे, अप्पांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर अप्पांना त्यात सुखच आहे.

उमाक्काकडं कुणी आलं की नुसतं पोतं उचलून जाऊ शकत नाही. आधी जबानी. म्हैस कितव्या वेताची? शेण पातळ का घट्ट? चारा कडब्याचा का हिरवा? आणि मग तो प्रश्न, ज्याला नवं गिऱ्हाईक हटकून हसतं: "स्वभाव कसा हाय?"

"स्वभाव? म्हशीचा?"

"मग काय तुझा इचारू? लाथा झाडती का गरीब हाय? तापट म्हशीला सरकी जास्ती झाली की अंगावर येती."

असं सगळं ऐकून ती सांगायची, सरकी एवढी, पेंड एवढी, भुसा एवढा, मीठ चिमूटभर. आणि दुधाला फरक पडायचा. भालकीपासून माणसं यायची, म्हणजे बघा.

तर ही उमाक्का दोन वर्षांपूर्वी पोत्यांच्या थप्पीवरून पडली. वय चोपन्न. मांडीचं हाड मोडलं, बीदरला नेऊन आत सळई घातली, आणि डॉक्टरनं आठ महिने खाटेवर झोपवलं. पहिले पंधरा दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती. बाहेर दुकानात अप्पा गिऱ्हाइकाला काहीबाही सांगायलेत हे तिला आतून ऐकू यायचं, आणि तिला रडू यायचं. पाय दुखतो म्हणून नाही. आपल्याला आता कुणी काही विचारत नाही म्हणून.

लेक श्रीदेवी हैदराबादला नर्स. ती आली, आईचं तोंड बघितलं, आणि जाताना आईच्या फोनमध्ये एक खेळ घालून गेली. 'बीस्ट मैदान' त्याचं नाव, पण सगळे नुसतं 'मैदान' म्हणतात. रानात हिंडायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची, पाळायची, आणि दुसऱ्याच्या जनावराशी झुंजवायची.

"अय्यो, लेकरांचा खेळ," असं म्हणून उमाक्कानं तो उघडला, आणि चार दिवसांत तिला कळलं की हा लेकरांचा खेळ मुळीच नाही. हा खुराकाचा खेळ आहे!

कसं ते सांगतो, अवघड काही नाही. प्रत्येक जनावराला जीव असतो, मार असतो, कातडं असतं, चाल असते. आणखी दोन गोष्टी जादूच्या असतात, त्यांच्या वाटेला उमाक्का गेली नाही, आपणही नको. जनावराच्या अंगी मेहनतीनं पाचशे गुण भरता येतात. पाचशे म्हणजे पाचशे, वर एक नाही. आणि एका गोष्टीत जास्तीत जास्त अडीचशे. म्हणजे दोन ठिकाणं भरभरून, बाकी उपाशी. गुण कसे भरायचे? तर ज्या जातीच्या रानटी जनावराला हरवाल, त्याचा गुण अंगी लागतो. दगडी कासवांना हरवलं की कातडं वाढतं, सशांना हरवलं की चाल. आणि वर प्रत्येक जनावराचा स्वभाव! तापट असेल तर मार चढतो आणि कातडं उतरतं, गरीब असेल तर उलटं.

"स्वभाव!" उमाक्का खाटेवर जवळजवळ उठून बसली. आयुष्यभर जे बोलल्यावर लोक हसले, ते इथं कुणीतरी पक्कं लिहून ठेवलं होतं.

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली. अप्पांनी श्रीदेवीला फोन करून ही बातमी दिली आणि फोनवरच डोळे पुसले.

आठ महिन्यांत उमाक्का पोचलेली झाली. कुणाला काय किती भरायचं याची आखणी ती खडूनं कोठीच्या दारावर लिहायची. तिचं लाडकं जनावर म्हणजे अर्धा बेडूक आणि अर्धा भोपळा असा एक गोळा. त्याचं नाव तिनं ठेवलं गुंडप्पा. स्वभावानं गरीब, चालीला मंद. विषारी फुंकर मारायचा आणि मग मांडी घालून रवंथ करत बसायचा. रवंथ केला की थोडा जीव परत यायचा.

पण तिच्यात एक खोड होती. मार वाढवायचा तर मैदानातल्या माळावर रानबैल हरवावे लागतात. पहिल्याच दिवशी गवतातून बैल समोर आला. पांढराशुभ्र, कानाशी काळा, अगदी आपल्या देवणी बैलासारखा. खाली बटण: 'हल्ला'. उमाक्कानं फोन उशीला टेकवून ठेवला, दोन्ही हात जोडले, "शरणु शरणार्थी" म्हणाली आणि 'पळ काढा'चं बटण दाबलं.

"अगं आई, ते चित्र हाय," श्रीदेवी फोनवर म्हणाली.

"देव्हाऱ्यात बी चित्रच हाय की. त्येला लाथ मारतीस का?"

ज्या घरात बैलाला बसवण्णा म्हणतात, आणि दर कारहुणवीला, म्हणजे बैलांच्या सणाला, दुकानातर्फे गावातल्या प्रत्येक बैलाला गूळ-पेंडीची मूठ जायची, त्या घरची बाई बैल हाणणार नव्हती. त्यामुळं तिच्या एकाही जनावरात मार नव्हता. एक थेंब नव्हता.

आणि हे सगळ्या मैदानवाल्यांना ठाऊक होतं, कारण धनराजनं ते सांगत सुटायचा विडाच उचलला होता.

हा धनराज बसस्टँडवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वय तीस, मिशी जेमतेम, तोरा पन्नास माणसांचा. त्याचं जनावर म्हणजे तुफान, पंखवाला कुत्रा. मार अडीचशे, चाल अडीचशे. कातडं कागदाचं, पण त्याला कातडं लागायचंच नाही, समोरचा हात उचलायच्या आत हा मोकळा. उमाक्का त्याच्याकडून तीनदा हरली होती.

यंदा मे महिन्यात, नौबादच्या एका मंगल कार्यालयात मैदानवाल्यांचा मेळावा ठरला. त्याच्या आठ दिवस आधी चहाच्या हॉटेलात, वीस माणसांत, धनराज मोठ्यानं म्हणाला, "उमाक्का, तुम्ही आपल्या म्हशी सांभाळा. फोनमधल्या बैलाला हात जोडणारी बाई मैदानात कामून येती म्हणतो मी?"

माणसं हसली. त्यात उमाक्काची रोजची गिऱ्हाइकं पण होती, आणि ते हसणं तिला पायातल्या सळईपेक्षा जास्त दुखलं. ती काठी टेकत उभी राहिली.

"नौबादला ये. एकास एक. मी हरले तर फोनमधनं मैदान काढून टाकते, परत हात लावणार न्हाई. आन् तू हरलास तर कारहुणवीला पेंडीची पाटी डोक्यावर घेऊन गावभर हिंडायचं. हाय कबूल?"

"कबूल!" धनराज म्हणाला, आणि हॉटेलभर टाळ्या पडल्या.

घरी येईपर्यंत उमाक्काचा राग उतरला होता. रागाच्या भरात ती भलतंच बोलून बसली होती. मैदान गेलं तर? ते आठ महिने तिच्या डोळ्यांसमोर आले, ती भिंत, तो पोपडा धरलेला रंग. तिला खरंच भीती वाटली.

दारावरच्या खडूच्या आखणीपुढं ती बसली. गुंडप्पाचा जीव अडीचशे भरलेला. उरलेले अडीचशे मोकळे. कातड्यात घातले तर? तुफानच्या पूर्ण माराखाली गुंडप्पा आठ फेऱ्या टिकेल. आणि विषाला तुफान लोळवायला नऊ फेऱ्या लागतात. रवंथ धरून, सगळं धरून, एक फेरी कमी. तिनं तीनदा मांडलं, तिन्ही वेळा एक फेरी कमी.

मंगळवारी तिला पायाच्या तपासणीला बीदरला जावं लागलं. फोन चार्जिंगला लावलेला तसाच दुकानात राहिला.

बुधवारी सकाळी तिनं गुंडप्पाचं पान उघडलं. जीव अडीचशे. मार अडीचशे!

"अप्पा!"

अप्पा सरकीच्या पोत्याआड उभे होते. तिथून बाहेर येईनात.

"काय केलात तुम्ही?"

"ते... तू हरशील असं वाटलं ग मला."

"बैलाला मारलात?"

"डोळे मिटून मारलाव, उमा. दर टायमाला डोळे मिटून बटण दाबलाव."

"किती?"

अप्पांनी गळ्यातल्या करडुगीवर, लिंगाच्या चांदीच्या डबीवर, हात ठेवला, कारण लिंगावर हात असताना त्यांना खोटं बोलता येत नाही. "चौऱ्याऐंशी."

चौऱ्याऐंशी! प्रत्येकी तीन गुण. ज्या माणसानं जन्मात कधी झुरळावर चप्पल उचलली नाही, त्यानं भर दुपारी, गिऱ्हाईक बाहेर ताटकळत ठेवून, चौऱ्याऐंशी बसवण्णा आडवे केले होते.

उमाक्कानं त्यांना अर्धा तास फैलावर घेतलं. अप्पा सगळं मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तू परत भिंतीकडं तोंड करून झोपशील, ते मला बघवायचं न्हाई. पाप माझं, मार तुझा. असू दे की."

असल्या येड्या माणसावर रागवावं तरी किती? उमाक्काला भरून आलं आणि तिनं ते पदरानं लपवलंही नाही. मग ती उठली, अप्पांना चहा करून दिला, आणि बशी पुढं करताना तिच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं.

अप्पांबद्दल एक सांगायचं राहिलं. माणूस सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजत नाही. श्रीदेवीचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाकडच्यांच्या आधी बस कंडक्टरला कळलं होतं.

"बरं, झालं ते झालं," उमाक्का हळूच म्हणाली. "गुंडप्पाला मार आलाच हाय, तर आलाच हाय. पण कुणाला सांगू नका. हां? धनराजला तर मुळीच कळता कामा नये."

"मी? मी कशाला सांगू?" अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले, चहा संपवला, आणि दुसरा चहा प्यायला हॉटेलात गेले.

त्यांची पाठ वळताच उमाक्कानं दार ओढून घेतलं. मैदानात कडूफळ नावाचं एक फळ मिळतं. एक खाऊ घातलं की मारातले दहा गुण उतरतात. जनावराचं वाटोळं करणारं फळ कोण साठवणार? पण उमाक्कानं आयुष्यात कुठलाच खुराक फेकलेला नव्हता. पिशवीत तीस फळं होती. पंचवीस तिनं गुंडप्पाला एकामागून एक चारली, कार्ट्याला एरंडेल पाजावं तशी, आणि दर फळाला म्हणाली, "गीळ. बैलाचं हाय ते. गीळ." मार शून्यावर आला. मग गुरुवार, शुक्रवार दोन्ही दुपारी दगडी कासवांच्या गुहेत बसून तिनं कातडं अडीचशे भरलं. कासवाशी आपलं काही नातं नाही, असं तिनं मनाशी पक्कं करून घेतलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी धनराज दुकानात डोकावला. त्याला कधी पेंड लागली नव्हती. मिठाचा खडा लागतो म्हणाला, कुणासाठी ते त्यालाच माहीत.

"उमाक्का, शेवटी बैलाला हाणलात म्हणं?"

उमाक्कानं मान खाली घातली. "कुणी सांगितलं तुला?"

एवढंच. खोटं एक अक्षर बोलली नाही, लक्षात घ्या. पण धनराजला जे हवं होतं ते मिळालं. तो घरी जाऊन विचार करायला बसला, आणि विचार अगदी बरोबर केला, हे मात्र कबूल करायला हवं. अडीचशे मारात गेले म्हणजे गुंडप्पाचं कातडं कोरं. कोऱ्या कातड्याला थोडासा मार बस झाला. आणि गुंडप्पाचा एक तडाखा तुफानच्या कागदी अंगावर बसला तर खेळ खलास. म्हणून त्यानं तुफानच्या मारातले दोनशे गुण उतरवले आणि कातड्यात घातले. शनिवारी दिवसभर दुकान बंद ठेवून, कडूफळं हुडकून.

रविवारी नौबादला कार्यालय खच्चून भरलेलं. भिंतीवर पांढरा पडदा, त्यावर दोन्ही फोन दिसायचे. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं-पोरी, आणि मधोमध काठी मांडीवर आडवी टाकून उमाक्का. मागं अप्पा, तोंडानं 'ओम नमः शिवाय' पुटपुटत, आणि अंगठा गुपचूप हवेत दाबत: मार, मार!

पहिली फेरी. तुफान झेपावला. धनराज खुर्चीत मागं रेलला होता. घाव बसला, आणि गुंडप्पाचा जीव सरकला तो एवढासा, नखाएवढा.

धनराज पुढं वाकला.

गुंडप्पानं गाल फुगवले आणि विषारी फुंकर मारली. तुफान हिरवा पडला.

"मार की ग!" अप्पा मागनं ओरडले. "मार हाय त्येच्यात!"

उमाक्कानं 'रवंथ' दाबलं. भोपळ्यासारखा तो गोळा भरमैदानात मांडी घालून बसला आणि डोळे मिटून चावायला लागला. पोरं खो खो हसली. तुफान हाणतोय, गुंडप्पा चावतोय. तुफान परत हाणतोय, हा परत चावतोय. विषाला कातडं अडवत नाही, ते आपलं आतून काम करत होतं. चौथ्या फेरीला हसणं थांबलं. सहाव्या फेरीला धनराजच्या कपाळावर घाम आला. त्याला कळलं होतं, पण आता करता काय? तडाख्याला तडाखा देणारं कुत्रं त्यानं स्वतःच्या हातानं गरीब करून ठेवलं होतं.

नवव्या फेरीला तुफान पंख पसरून आडवा झाला. गुंडप्पाचा रवंथ चालूच होता.

काय तो गोंधळ! एका पोरीनं उमाक्काला मिठी मारली, काठी खाली पडली. उमाक्कानं फोन छातीशी दाबून धरला, आणि मैदान आपलंच राहिलं हे कळल्यावर ती लहान पोरीसारखी हसली.

धनराज जवळ आला. "अक्का, मार कुठं हाय?"

"कसला मार?"

त्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पांनी उमाक्काकडं बघितलं.

"म्हणजे... माझे बैल?" अप्पांचा आवाज फाटला. "चौऱ्याऐंशी? वाया?"

"मार बुधवारीच उतरवला मी. पण वाया कशाला म्हणता? तुम्ही हॉटेलात सांगितलात, म्हणून तर जिंकलाव आपण." उमाक्का गोड हसली. "पाप मात्र हाय तिथंच हाय."

अप्पा मटकन खुर्चीत बसले. परतीच्या बसमध्ये खटकचिंचोळी येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

प्रायश्चित्त उमाक्कानं ठरवून दिलं. चौऱ्याऐंशी मारले, तर चौऱ्याऐंशी खऱ्या बैलांना स्वतःच्या हातानं मूठ चारायची, हात जोडायचे, कपाळाला कपाळ लावून माफी मागायची. डोळे उघडे ठेवून.

कारहुणवीला सकाळी दोघं निघाले. पुढं नवं धोतर नेसलेले अप्पा, मागं डोक्यावर पाटी घेतलेला धनराज. गावानं काय मजा लुटली म्हणता! गल्लीगल्लीतून हाका: "धनराज, चाल वाढव की!" उमाक्काचा पाय लांबचं चालू देत नाही, ती दुकानात पोत्यावर बसून सगळं कानानं ऐकत होती. पूर्वी ही मूठ तीच चारायची. आठवत होतं तिला, वरच्या गल्लीतच पाटी रिकामी व्हायची, दुसऱ्यांदा भरून न्यावी लागायची. दोन वर्षं मात्र पायामुळं कुणीच फिरलं नव्हतं.

दुपार कलायच्या आत दोघं परत आले. पाटी अर्धी भरलेली.

"एवढ्यात?" उमाक्कानं डोळे वटारले. "मोजून चारलात का नुसतं हात जोडून आलात?"

अप्पा पायरीवर बसले. कपाळाला बैलांचा हिंगूळ लागला होता.

"सत्तावन्न," ते म्हणाले. "सगळं गाव फिरलाव, उमा. शेतातले आखाडे, गोठे बी बघितलाव. सत्तावन्नच ऱ्हायलेत. कुटं कुटं गोठ्यात ट्रॅक्टर हाय. बसवप्रभूच्या दारात तर दावणीला बुलेट बांधलीय."

धनराज हसला नाही. पाटी डोक्यावरून उतरवायचं भान त्याला नव्हतं.

सरकीची पोती कमी जायलेत हे उमाक्काला माहीत होतं, पण तिला वाटलं होतं आपण आजारी होतो म्हणून. तिनं फोन काढला, मैदान उघडलं, माळावर गेली. गवत हललं आणि पांढरा बैल पुढं आला. त्याच्या मागं दुसरा, तिसरा, हवे तेवढे. तिनं हात जोडले, आणि 'पळ काढा' दाबलं.

मग फोन खाली ठेवून तिनं बोटांवर हिशेब केला.

"सत्तावीस ऱ्हायले. उद्या चळकापूर. तिथं बी भरले न्हाईत तर परवा म्होरलं गाव."

"व्हय," अप्पा म्हणाले.

"मी बी?" धनराजनं विचारलं. "अक्का, कबूल गावातलं होतं."

"पाटी कोण उचलणार मग? मी?" उमाक्का म्हणाली. "आन् येताना गूळ जास्तीचा घे. चळकापूरचे बैल तापट हायेत."